गलाईवाल्याची पोर कुठली?

परवा रविवारी सकाळी कोइमतूरहून आतेभावाचा फोन. "अरे, पोरीला नीटला मार्क बरे आहेत, पण महाराष्ट्राच्या कोट्यात बसत नाही म्हणतात. तू कॉम्प्युटरवाला, बघ की जरा."

बघितलं आणि डोकंच फिरलं.

दादा गलाईवाला. म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी, दुकानातला कचरासुद्धा, वितळवून शुद्ध करून देणारा. सांगलीतले खानापूर, आटपाडी, तासगाव, साताऱ्यातले खटाव, माण... या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यानपिढ्या या धंद्यापायी देशभर पांगलीत. लग्न, जत्रा, म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं मात्र सगळं गावाकडे.

आता नियम बघा. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या 85 टक्के जागा राज्याच्या. त्यासाठी अधिवासाचा दाखला हवा, आणि वर दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून. पुतणीची दहावी कानपूरची, बारावी कोइमतूरची, कारण मधे बापाचं दुकान हललं. ती तिकडच्यांना मराठी, आपल्याला मद्रासी! उरल्या त्या अखिल भारतीय 15 टक्के, नाहीतर खासगी कॉलेजची फी.

गंमत म्हणजे याच राज्यात इंजिनिअरिंगला आई किंवा वडिलांचा अधिवास चालतो. बाप खानापूरचा आहे हे कोड लिहिण्यापुरतं खरं, इंजेक्शन देण्यापुरतं खोटं? सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी आपण जागा ठेवतो, आणि ते योग्यच आहे. म्हणजे हद्दीबाहेरचा माणूस आपला असू शकतो हे सरकारला तत्त्वतः मान्य आहे.

आणि एनआरआय कोटा? 2005 च्या इनामदार खटल्यात सुप्रीम कोर्टाने खासगी कॉलेजांत तो 15 टक्क्यांपर्यंत चालेल म्हटलं. पुढे पंजाब सरकारने त्यात लांबचे नातेवाईकही घुसवले, तेव्हा 2024 मध्ये त्याच कोर्टाने ही फसवणूक आहे असं सुनावलं. डॉलर कमावणारा बाप असला की परदेशात राहणं ही पात्रता, रुपयात कमावणारा असला की परराज्यात राहणं हा गुन्हा.

तैवानमध्ये परदेशस्थ चिनी मुलांना विद्यापीठात वेगळा प्रवेश आहे. सलग सहा वर्षं बाहेर राहिल्याचं सिद्ध करायचं, मेडिकलला आठ. कटकट आहेच, पण तिथे बाहेर राहणं मोजतात ते दार उघडायला. आपण बंद करायला.

"मग बोगस लोक घुसतील" असं एक मित्र म्हणाला. बरोबर आहे. म्हणून पुरावा कडक मागा ना! मुलीच्या जन्माआधीचा सातबारा, बापाचा गावच्या शाळेचा दाखला, आजोबांचं रेशनकार्ड. दादाकडे हे सगळं फाईल लावून आहे. ती फाईल घेऊन तो एका कचेरीत गेला, तर समोरच्या साहेबांनी न उघडताच विचारलं, "मुलगी शिकली कुठं?" झालं.

सगळे गलाईवाले काही गबर नाहीत, हेही जाता जाता सांगतो. आम्लाच्या धुरात बसून छाती खराब करून घेतलेले आमच्याच भावकीत चार जण आहेत.

धाकटा आता आठवीत आहे. वहिनी त्याला घेऊन जूनपासून विट्यात राहणार, बारावी होईपर्यंत. दादा एकटा कोइमतुरात. खोलीचं डिपॉझिट कालच दिलंय.