गॅलरीचे चौरस फूट कोण मोजणार?

मंडळी, गेले तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही, कारण घर बदलत होतो. लालबागची आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. नवीन इमारत होईपर्यंत परळला भोईवाड्यात एक वन-आरके भाड्याने घेतलंय. जुनी खोली 10 बाय 16, म्हणजे 160 चौरस फूट. ही 180. कागदावर 20 फूट जास्तच! मग माझं वर्कशॉप इथे मावत का नाही?

सुतारकाम हा माझा शनिवार-रविवारचा उद्योग. आठवडाभर जे बनवतो त्याला हात लावता येत नाही, म्हणून मग स्टूल, शेल्फ, पाट असलं काहीतरी. वर्कशॉप म्हणजे तरी काय, खोलीबाहेर गॅलरीत सहा फुटी सागवानी बाकडं आणि माळ्यावर आजोबांची पेटी. आजोबा एका मिलच्या सुतारखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि ते परत कधी कामावर गेले नाहीत. पुढे कित्येक वर्षं त्या पेटीवर घर चाललं. लोकांचे दरवाजे, पलंग, देव्हारे... सगळं त्याच गॅलरीत बनलं.

इथेच तर गोम आहे. गॅलरी कुणी कधी मोजलीच नव्हती. भुसा उडायचा तो गॅलरीत, पॉलिशचा वास जायचा तो वाऱ्यावर, आणि आठ फुटी प्लायवुड उभं राहायचं ते शेजारच्या काकांच्या दाराशी. काका ओरडायचे, पण स्वतःची खुर्ची हलायला लागली की माझ्याकडेच यायचे.

तर छाटणी सुरू केली. आधी मशीन. सर्क्युलर सॉचा आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 ची. गॅलरीत तो आवाज वाटला जायचा, इथे चार भिंतींत कोंडणार. त्यात लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली आहे. ज्या खोलीत आई झोपते तिथे ती उडवायची? सॉ आणि राउटर बदलापूरच्या मित्राला देऊन टाकले. वाईट वाटलं नाही. पैसे टाकले की नागदेवी स्ट्रीटवर दुसरे मिळतील.

मग पेटी उघडली. नियम ठरवला होता, वर्षभरात हात लागला नाही ती वस्तू जाणार. आम्ही प्रोजेक्टमध्ये जुना कोड असाच उडवतो. पण हातात आला आजोबांचा वाकस. मी तो जन्मात वापरलेला नाही. तीन रंधे, त्यातल्या एकाची मूठ आजोबांच्या तळव्याच्या आकाराने झिजलेली. आता काय करायचं? आई म्हणाली, "अरे, भिंतीवर लाव." मला ते पटेना. ज्या हत्याराने घर पोसलं ते शोपीस?

शेवटी आमच्या मंडळाचा मखर करायला येणाऱ्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी वाकस उचलला, अंगठ्याने धार पाहिली, आणि एक फळकूट घेऊन तिथल्या तिथे दोन घाव घातले. गुळगुळीत! म्हणाले, "याला धार नाही, हात पाहिजे होता." वाकस आणि दोन रंधे त्यांच्याबरोबर गेले. मी मूठ झिजलेला रंधा, दोन पटाश्या, एक करवत, गुण्या आणि चार क्लॅम्प ठेवले. बाकड्याच्या फळ्या सोडवून पलंगाखाली सरकवल्यात. रविवारी ओट्याला क्लॅम्प लावून काम चालतं. आईची परवानगी दुपारी दोन ते चार :-)

आता मुद्द्याचं. चाळीचं उगाच कौतुक करणाऱ्यांतला मी नाही. सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहण्यात कसलीही संस्कृती नसते, आणि घरात स्वतःचा संडास हवा हे आईने तीस वर्षं मागितलंय. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 160 फुटांच्या जागी 500 फुटांची घरं मिळाली, तेव्हा मलाही आनंद झाला. पण आपण सगळा हिशोब कार्पेट एरियात करतो. ज्या जागेत माणूस चार वस्तू पसरून, थोडा कचरा करून काही बनवू शकतो, ती जागा त्या हिशोबात कुठेच नसते. घर मोठं होतं आणि हात आखडतात.

म्हणून गेल्या मीटिंगमध्ये प्लॅन दाखवला तेव्हा मी हात वर केला. जिम आहे, सोसायटी ऑफिस आहे, तशी 10 बाय 12 ची एक कामाची खोली द्या. एक भक्कम टेबल, शिकंजा, धूळ ओढणारा पंखा. सायकल दुरुस्त करा, शिलाई मशीन आणा, मुलांना प्रोजेक्ट करू द्या. काही लोक हसले. काका मात्र उठून म्हणाले, "लिहून घ्या हो, माझी खुर्ची परत हलायला लागलीय."

लिहून घेतलंय. होईल की नाही माहीत नाही. तुमच्याकडे रिडेव्हलपमेंटची मीटिंग असेल तर किती फूट मिळणार हे जरूर विचारा, पण त्यानंतर एवढंही विचारा की खिळा ठोकायचा कुठे?