वास गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले का?

२०२१ साली आपल्याच सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातील सासवडला, चोरांनी इंधनवाहिनी फोडली. पेट्रोल जमिनीत मुरून विहिरींत उतरले.

पेट्रोलमधील बेन्झीन दीर्घकाळ पोटात गेल्यास रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. नाकाला वास कळतो तो याच्या कित्येक पट बेन्झीन असल्यावर! तुरटी किंवा क्लोरीनने ते जात नाही. घरात पाणी उकळले तर वाफ श्वासात जाते.

आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाहते. पावसाळ्यात पातळी चढली की अडकलेले पेट्रोल पुन्हा सुटू शकते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: एका तपासणीवर विहीर खुली करू नये. पावसाळ्याआधी आणि नंतर, काही वर्षे, आसपासच्या विहिरी व बोअर तपासाव्यात आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.