नावात खेजडी, बांधावरही हवी

शेतमाल पोत्यात भरून बाजार समितीत जात होता तोवर त्याला नाव लागत नव्हते. तूप, बाजरीचे पीठ, वाळवलेली सांगरी पाकिटातून थेट गिऱ्हाइकाला विकायची म्हटली की नावाचा प्रश्न घरात येतो. मराठी घरगुती उद्योगांनी तो बहुधा आडनावाने सोडवला. चितळे आणि बेडेकर ही नावे सर्वांच्या ओठांवर आहेत. जयपूर परिसरातल्या शेतकरी कुटुंबाला मात्र आडनाव अडचणीचे ठरू शकते. ते जात सांगते. भाऊ वेगळे झाले की नाव कोणाकडे राहणार, धंदा सांभाळणारी मुलगी लग्नानंतर काय करणार, असे वादही त्यातूनच निघतात. झाडाच्या नावाला भाऊबंदकी नसते. म्हणून अशा घराने आपल्या शिवारातल्या झाडाचे नाव घेणे शहाणपणाचे आहे, आणि तिथल्या कोरडवाहू शिवारात आधी सुचते ती खेजडी, म्हणजे आपली शमी.

जयपूरच्या तटबंदीच्या आतल्या एका गल्लीचे नावच ‘खेजडों का रास्ता’ आहे. 1983 मध्ये खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष झाली, पण शेतकऱ्याचा तिच्यावरचा विश्वास सरकारी घोषणेहून फार जुना. तिची मुळे खोल जातात, त्यामुळे पावसाळी पिकाशी पाण्यासाठी तिची झटापट कमी होते. शेंगवर्गीय असल्याने ती जमिनीत नत्र धरते आणि तिच्या सावलीखाली बाजरी खुरटत नाही. हिवाळ्यात फांद्या छाटून काढलेला पाला, ज्याला तिकडे लूंग म्हणतात, शेळ्या-उंटांना जातो. फांद्या कुंपणाला आणि चुलीला. ऐन उन्हाळ्यात, शेत रिकामे असताना, कोवळ्या शेंगा येतात. त्याच सांगऱ्या. केर-सांगरीशिवाय मारवाडी लग्नाची पंगत पुरी होत नाही. विक्रम संवत 1956 च्या, म्हणजे 1899-1900 च्या ‘छप्पनिया’ दुष्काळात लोकांनी तिची साल दळून खाल्ली. आणि 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवी आणि इतर बिष्णोई मिळून 363 जणांनी ही झाडे वाचवताना जीव दिल्याचे सांगितले जाते.

एवढा वारसा असलेले नाव घेतले की जबाबदारीही येते. ट्रॅक्टरने नांगरताना आपोआप उगवलेली रोपे उपटली जातात, भूजल खाली जाते, जुनी झाडे कीड आणि मूळकुजीने वाळतात. पश्चिम राजस्थानात सौरप्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्याबद्दल आंदोलने झाली आहेत. पाकिटावर खेजडीचे चित्र आणि बांधावर विलायती बाभूळ, हा प्रकार गिऱ्हाइकाच्या लगेच लक्षात येणार नाही. शेजाऱ्याच्या येईल.

कायद्याची अडचण वेगळ्याच बाजूची आहे. व्यापारचिन्ह कायदा, 1999 चे कलम 9 मालाचा प्रकार, गुण किंवा उगम सांगणाऱ्या शब्दाची नोंदणी सहसा नाकारते. सांगरी विकणाऱ्याने ‘खेजडी’ हे नाव मागितले तर ते मालाचेच वर्णन ठरू शकते. तुपावर तेच नाव तुलनेने सहज टिकते. म्हणजे माल झाडापासून जितका लांब, तितका नावावरचा हक्क पक्का. प्रामाणिकपणे नाव ठेवणाऱ्याला हे उफराटे वाटेल, पण त्यामागचा विचार रास्त आहे: झाडाचे नाव एका कुटुंबाने अडवले, तर बाकीच्या सांगरीवाल्यांनी आपला माल कशाने ओळखवायचा?

वाट शेतातूनच निघू शकते. आपल्याकडे चिंचेचे वावर, आंब्याची पट्टी अशी शेतांची घरगुती नावे असतात. सात-बारावर ती दिसत नाहीत, घरात मात्र सगळ्यांना माहीत असतात. राजस्थानातल्या शेतकऱ्यानेही नुसते ‘खेजडी’ न घेता आपल्या शेतातल्या एखाद्या विशिष्ट झाडाची ओळख घ्यावी: जोड-खेजडी, विहिरीवरची खेजडी, आजीने राखलेली खेजडी. असे नाव इतरांच्या नावांपासून वेगळे काढता येते, आणि झाड खरोखर उभे आहे का, हेही कोणाला जाऊन पाहता येते. नोंदणी मात्र घरातल्या थोरल्याच्या नावे न करता धंद्याच्या नावे करावी. ती दहा वर्षांची असते आणि नूतनीकरणाच्या वेळी घर एकत्र असेलच असे नाही.