पंचविशीनंतरचे मुरुम : ट्यूब बदलण्याआधी कारण शोधा

मुरुम सोळाव्या वर्षी येतात आणि विशीत आपोआप जातात, असा आपल्याकडे पक्का समज आहे. म्हणून तिशीतल्या बाईच्या हनुवटीवर पुटकुळ्या उठल्या की दोष तेलकट खाण्याला, धुळीला नाहीतर 'पोट साफ न होण्याला' दिला जातो. मग सुरू होते मेडिकलवरची खरेदी. नांदेड असो की लातूर, या त्रासावरचा पहिला 'डॉक्टर' अनेकदा काउंटरवरच भेटतो. खरा धोका तिथेच आहे.

हार्मोनचा संबंध काय?

त्वचेतल्या तैलग्रंथी अँड्रोजन गटातील हार्मोनच्या इशाऱ्यावर चालतात. ही हार्मोन स्त्रियांच्या शरीरातही असतात. त्यांचे प्रमाण वाढले किंवा ग्रंथी त्यांना जास्त प्रतिसाद देऊ लागल्या की तेल वाढते, छिद्रे बुजतात आणि सूज येते. असे मुरुम हनुवटी, जबडा आणि मानेवर जास्त दिसतात, दुखतात आणि पाळीच्या आधी उसळतात. रक्ततपासणी नॉर्मल असूनही हे घडू शकते.

मात्र सोबत पाळी अनियमित असेल, ओठावर-हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची तपासणी हवीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील ८ ते १३ टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो आणि त्यातील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. पुढे मधुमेह आणि गर्भधारणेतील अडचणींशी त्याचा संबंध आहे. म्हणजे मुरुम हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न नाही.

स्टेरॉइडची 'जादू'

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे असलेल्या ट्यूब चेहऱ्यावर लावल्या की चार दिवसांत लाली उतरते, रंग उजळल्यासारखा वाटतो. पाहुणे मुलगी बघायला येणार असतील, तर हीच ट्यूब मैत्रिणीकडून, पार्लरमधून घरात येते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, केस वाढतात. ट्यूब थांबवली की मुरुम दुपटीने उसळतात, म्हणून ती पुन्हा लावली जाते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड औषधे असलेली मलमे 'शेड्यूल एच'मध्ये आणली. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत. नियम आहे, चिठ्ठी मागणारा काउंटर हवा.

उपचार आहेत, धीर हवा

बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापॅलिन, अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड ही लावण्याची औषधे उपयोगी आहेत. पण फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. हार्मोनशी संबंधित मुरुमांत डॉक्टर गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन देतात. गोळ्यांचे नाव ऐकून घरात कुजबुज होते. इथे त्या त्वचेचे औषध म्हणून दिल्या जातात, हे नवऱ्याने आणि सासूनेही समजून घ्यावे. आयसोट्रेटिनॉइन प्रभावी आहे, पण त्याने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते. ते सुरू असताना आणि बंद केल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळावीच लागते. लग्न तोंडावर असलेल्या मुलीला हे न सांगता ती गोळी देणे हा गुन्ह्याइतकाच निष्काळजीपणा आहे.

हे लक्षात ठेवा

- लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा चेहऱ्यावर लावू नका.
- उन्हासाठी बांधायचा स्कार्फ सुती असावा आणि रोज धुतलेला असावा.
- सनस्क्रीन 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेले घ्या.
- मुरुम फोडू नका. डाग आणि खड्डे त्यानेच वाढतात.
- जिमसाठी इंजेक्शन घेणाऱ्या तरुणांनी ते डॉक्टरांना लपवू नये. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडनेही मुरुम येतात.
- डॉक्टरांकडे जाताना पाळीच्या तारखा आणि आजवर लावलेल्या ट्यूब सोबत न्या.

नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या त्वचारोग विभागात जायला श्रीमंत असावे लागत नाही. अन्न व औषध प्रशासनाने काउंटरवर लक्ष ठेवावे, डॉक्टरांनी मुरुम पाहताना पाळीबद्दल विचारावे आणि घरच्यांनी 'लग्न झाल्यावर जातील' हे वाक्य सोडून द्यावे. लग्नाने मुरुम जात नाहीत. उशिराने मात्र आजार वाढतो.