पाण्याखाली दम धरू नका

शेतीच्या पानावर समुद्रात बुडी मारण्याची गोष्ट कशाला, असे काही वाचक म्हणतील. आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा, अन् समुद्र हजारेक किलोमीटरवर. पण गावोगावची तरुण मंडळी मोबाईलवर मालवणचे स्कुबा पाहतात, आणि धानाचे चुकारे हाती आले की आठ-दहा जणांची सहल ठरते. ही हौस वाईट नाही. शेतकऱ्याने पंढरपूर, शिर्डी करावी आणि समुद्राचा तळ शहरवाल्यांनी पाहावा, असा कोठे नियम नाही. आमचे म्हणणे एवढेच, की रोवणीच्या आधी परे, पाणी आणि मजूर यांचा हिशेब जसा मांडता, तसा या सहलीचाही मांडा. येथे चूक झाली तर हंगाम नव्हे, माणूस जातो.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघे बुडून मेले. तारीख नीट पाहा. मे अखेरीस समुद्र खवळू लागतो. पावसाळ्यात तेथील जलक्रीडा बंदच असतात, त्या सप्टेंबरात पुन्हा सुरू होतात. बंदी लागायच्या तोंडावर घाईने उरकलेली सहल धोक्याची, आणि पावसानंतर लगेच गेलात तर नद्यांचा गाळ मिसळल्याने पाणी गढूळ असते. आपल्यासाठी सोयीचा काळ म्हणजे धान कापून, चुरून, केंद्रावर मोजून झाल्यानंतरचा, डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा. उन्हाळी धानाची रोवणी तोवर लागलेली नसते. नाताळ ते नववर्ष हे दिवस मात्र टाळा. गर्दीत बोटी भराभर भरतात आणि शिकवणाऱ्याला तुम्हाला नीट समजावून सांगायला वेळ नसतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे वैनगंगेत किंवा मामा तलावात बुडी मारणारा प्रत्येक जण लहानपणापासून एकच शिकलेला असतो : छाती भरून हवा घ्या, दम धरा आणि खाली जा. स्कुबात नेमके हेच करायचे नाही. पाठीवरच्या सिलिंडरमधून येणारी हवा तुम्ही ज्या खोलीवर आहात तेथल्या दाबाची असते. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे छाती भरून घेतलेली हवा वर येताना फुगत जाते आणि पृष्ठभागावर तिला दुप्पट जागा लागते. दम धरून वर आलात तर तिला बाहेर पडायला वाट नाही, आणि फुप्फुस फाटू शकते. त्यासाठी फार खोलीही लागत नाही, दीड-दोन मीटर पाणी पुरते. म्हणून तोंडातल्या नळीतून संथ श्वास घेत राहायचे, सोडत राहायचे, थांबायचे नाही, आणि घाबरून झपाट्याने वर यायचे नाही. ज्याला पोहता येत नाही तो शिकवणाऱ्याचे निमूट ऐकतो. धोका असतो तो पट्टीच्या पोहणाऱ्याला, कारण त्याची जुनी सवय ऐनवेळी उसळून वर येते. सहलीत असा गडी असेल तर त्याला ही गोष्ट दोनदा सांगा.

कानाचेही तसेच. खाली जाताना दर मीटरभराला नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची, म्हणजे कान मोकळा होतो. दुखला तर तेथेच थांबून जरा वर यावे, जोर लावून खाली जाऊ नये. आणखी एक गंमत, पण कामाची. आपण अंगठा वर केला की 'मस्त' असे समजतो, पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर घेऊन चला' असा होतो. ठीक आहे हे सांगायला अंगठा व तर्जनी जुळवून गोल करतात. पुष्कळांची बुडी या एका गैरसमजापायी पाच मिनिटांत संपते आणि पैसे जातात ते वेगळेच.

कोणी जाऊ नये, हे घरीच ठरवा, बोटीवर नाही. दमा, मिरगी, हृदयविकार, कानाचा पडदा फुटलेला आणि गरोदर बाई, यांनी बुडी मारू नये. सर्दी असेल तर त्या दिवशी नको. आपल्या विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे, ते विसरू नका. सिकलसेलच्या रुग्णाने ही हौस करू नये, आणि जो वाहक आहे त्याने आधी डॉक्टरांना विचारावे. मालवणचा बोटवाला हे विचारीलच असे नाही. तो छापील फॉर्म पुढे करील, त्यावर न वाचता अंगठा-सही करू नका. आदल्या रात्री दारू नको, हे वेगळे सांगायला नको, पण सहलीतली मंडळी पाहता सांगितलेले बरे.

पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. पाण्यात एका शिकवणाऱ्यामागे किती माणसे? बोटीवर प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, आणि ते जाता-येता दोन्ही वेळा घालायला लावतात का? प्राणवायूचा सिलिंडर बोटीवर आहे का? शिकवणाऱ्याचे प्रमाणपत्र कोठले? उत्तर देताना जो चिडतो, त्याच्या बोटीत बसू नका. एमटीडीसीची तारकर्ली येथे स्कुबा शिकवणारी संस्था आहे, तिच्याकडे चौकशी केली तर दराचा आणि नियमांचा अंदाज येतो. सर्वांत स्वस्त बोट शोधण्याची आपली सवय बियाण्याच्या बाबतीत किती महागात पडते, ते या पानाच्या वाचकाला ठाऊक आहे.

पाहायला काय मिळते, तेही खरे सांगतो. मोबाईलवरची निळीशार चित्रे पुष्कळदा अंदमान-लक्षद्वीपची असतात. (लक्षद्वीपला जायला आधी परवाना काढावा लागतो.) मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर बांधकाम सुरू केले त्याच्या खडकांवर, प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत, पण पाणी काचेसारखे नसते. चार-सहा मीटरवरचे दिसले तरी समाधान माना. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ते बारीक जीवांचे गाव आहे, आणि त्यांच्या अंगात राहणारे शेवाळ त्यांना अन्न पुरवते. पाणी फार तापले की हे शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. २०२४ साली जगभर असे झाले. वरून पाय दिला, हात लावला, तर अनेक वर्षांची वाढ मोडते. घरात शोभेला तुकडा आणू नका. वन्यजीव कायद्याने प्रवाळाला वाघाइतकेच संरक्षण आहे, आणि सहलीत सरपंच किंवा सरकारी माणूस असेल तर त्याने आधी स्वतःची पिशवी तपासावी.

बुडालेली जहाजे पाहण्याचे वेडही आता आपल्याकडे येत आहे. तांबड्या समुद्रात १९४१ साली जर्मन विमानांनी बुडवलेले थिसलगॉर्म हे ब्रिटिश जहाज तळाशी तीस मीटरवर आहे. त्यातले ट्रक आणि मोटारसायकली पाहायला जगभरचे लोक जातात. आपल्या नौदलाची आयएनएस गुलदार ही युद्धनौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली आणि २०२५ साली निवती जवळच्या समुद्रात बुडवून पर्यटकांना दाखवण्यासाठी राज्याकडे आली. तिच्या नावावर कोणी एजंट आगाऊ रक्कम मागत असेल, तर आधी एमटीडीसीकडे विचारा, मगच खिशात हात घाला. आणि जहाजाच्या आत शिरणे हे नवशिक्याचे काम नाही. अंधारात गाळ उठला की दार सापडत नाही. प्रशिक्षण घेतलेले लोकही दोरी बांधून जातात.

आता ढिवर बांधवांसाठी आणि ग्रामपंचायतींसाठी थोडे. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चाललेल्या प्रकल्पात मच्छिमारांच्या पोरांना पाण्याखालचे वाटाडे होण्याचे शिक्षण मिळाले, आणि जाळ्याबरोबर दुसरे उत्पन्न आले. आपल्याकडे गोसीखुर्दच्या पाण्यावर जलपर्यटन उभे करायचे घाटते आहे. त्या बोटींवर बाहेरचे लोक कामाला लागणार की पाण्याकाठची आपली पोरे, हे आजच ठरवावे लागेल. प्राथमिक डायव्हिंगच्या अभ्यासक्रमाला दोनशे मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे एवढे यावे लागते. आमच्या ढिवरांना ते हसत जमेल. ग्रामसभेत ठराव करून एखाद-दोन होतकरू पोरांना तारकर्लीला शिकायला पाठवण्याची खटपट जरूर करावी. मात्र हा अभ्यासक्रम केला म्हणजे तलावातून बुडालेला माणूस काढायचा परवाना मिळाला, असे मानू नये. गढूळ पाण्यातला शोध हे वेगळे शिक्षण आहे आणि ते घेतल्याशिवाय सिलिंडर लावून उतरलेला पोर स्वतःच अडकतो.

जाण्याचे म्हणाल तर वरठीहून मुंबईकडे आणि तेथून कोकण रेल्वेने कुडाळ, पुढे मालवण तीसेक किलोमीटर. नागपूरहून मडगावकडे विशेष गाडी सोडली जाते, पण ती रोज नसते, तेव्हा स्टेशनवर विचारून घ्या. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. म्हणजे १० डिसेंबरला निघायचे तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, हलका धान कापणीला आलेला असताना, तिकीट काढावे लागेल. दोन दिवस समुद्रासाठी ठेवा, एखादा दिवस वाऱ्यात जातो. आणि खोल बुडी मारली असेल तर त्याच दिवशी गाडी करून आंबोली घाट चढू नका. घाट सुमारे सातशे मीटर उंच आहे, अंगात मुरलेली हवा तेथे त्रास देते. ती रात्र मालवणातच काढा, सकाळी निघा.