ऑपरेशन की मूलपेशींचे इंजेक्शन?

'आता ऑपरेशन नको, मूलपेशींचे एक इंजेक्शन पुरे' अशा जाहिराती हल्ली वारंवार दिसतात. मूलपेशी म्हणजे स्टेम सेल. या उपचाराला मोठी प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेतील बेसबॉल खेळाडूंच्या कोपरामुळे. आपल्याकडे हा खेळ फारसा खेळला जात नाही. तरीही त्या कोपराची हकीकत मुळातून समजून घेतली, तर कोणत्याही नव्या उपचाराकडे कसे पाहावे हे चांगले उमगते. म्हणून आज हा विषय.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. क्रिकेटच्या बोलरला वाकवलेले कोपर पंधरा अंशांहून अधिक सरळ करता येत नाही. पिचरवर असे बंधन नाही. तो वाकवलेला हात झटक्यात सरळ करून ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने चेंडू फेकतो. त्या क्षणी कोपराची आतली बाजू फाकू पाहते. ती फाकू नये म्हणून तेथे दोन हाडांना बांधणारा एक चिवट पट्टा असतो, त्याला अस्थिबंध म्हणतात. जोरदार फेकीचा सगळा ताण एकट्या या पट्ट्यावर आला तर तो तुटेल. भोवतालचे स्नायू भार वाटून घेतात म्हणून तो टिकतो. स्नायू थकले, तरी फेक चालूच राहिली, की पट्टा दोरखंडासारखा विरत जातो. सचिन तेंडुलकरचे २००५ साली जे ऑपरेशन झाले ते टेनिस एल्बोचे. ते कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे. दोन्हींची गल्लत करू नये.

१९७४ पर्यंत हा पट्टा तुटला की पिचरची कारकीर्द संपली असे समजत. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाच्या टॉमी जॉनचा पट्टा तुटला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटातील एक कंडरा काढली, कोपराच्या हाडांना भोके पाडून त्यांतून ती ओवली आणि नवा पट्टा तयार केला. यशाची शक्यता शंभरात एक, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. टॉमी जॉन १९७६ मध्ये मैदानात परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे आहेत.

एकाच्या यशावर कोणी विसंबून राहिले नाही, हे महत्त्वाचे. पुढे शेकडो खेळाडूंची नोंद ठेवली गेली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, किमान दोन वर्षे लक्ष ठेवलेल्या ७४३ खेळाडूंपैकी ८३ टक्के पूर्वीच्या किंवा त्याहून वरच्या पातळीवर खेळू लागले होते. अर्थात ऑपरेशन म्हणजे जादू नव्हे. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ व्यायाम आणि संयम लागतो, काहींना गुण येत नाही, काहींना पुन्हा टेबलावर जावे लागते.

आता मूलपेशी. बहुधा कमरेच्या हाडातील मगज सुईने काढतात, त्यातील पेशींचा अंश दाट करतात आणि दुखऱ्या जागी टोचतात. तेथे या पेशी नवा पट्टा घडवतील अशी आशा असते. मात्र मगजातील दर दहा हजार ते एक लाख पेशींमागे जेमतेम एखादीच अशी कामाची असते.

२०१६ मध्ये एंजल्स संघाच्या अँड्र्यू हीनी आणि गॅरेट रिचर्ड्स या दोघांनी हा उपचार घेतला. हीनीला दोन महिन्यांच्या आतच ऑपरेशन करावे लागले. रिचर्ड्स पुन्हा खेळू लागला, पण जुलै २०१८ मध्ये त्यालाही तेच करावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये जपानच्या शोहेई ओतानीला मूलपेशी आणि त्याच्याच रक्तातील प्लेटलेट, दोन्हींची इंजेक्शने दिली. ऑक्टोबरमध्ये त्याचेही ऑपरेशन झाले. २०१० मध्ये मूलपेशी टोचून घेतलेल्या बार्टोलो कोलोनचे पुनरागमन खूप गाजले. पण २०१२ मध्ये टेस्टोस्टेरॉन सापडल्यामुळे त्याच्यावर ५० सामन्यांची बंदी आली. मग गुण नेमका कशाचा, हे कोण सांगणार?

उलट बाजूही सांगायला हवी. मासाहिरो तनाकाचा पट्टा २०१४ मध्ये थोडा फाटला होता. त्याने प्लेटलेटचे इंजेक्शन घेतले, विश्रांती घेतली आणि ऑपरेशनशिवाय पुढे कित्येक वर्षे तो खेळला. मग इंजेक्शनने गुण आला म्हणायचे का? २०१९ मध्ये ५४४ व्यावसायिक खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध झाली. प्लेटलेट घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना केली, तेव्हा इंजेक्शनचा वेगळा फायदा दिसला नाही. अर्धवट फाटलेला पट्टा पुष्कळदा विश्रांतीने आणि व्यायामानेच सावरतो. आपण म्हणतो ना, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली!

माझे मत स्पष्ट आहे. पट्टा पूर्ण तुटला असेल आणि जोराने फेकण्याचा खेळ सोडायचा नसेल, तर ऑपरेशनच योग्य. अर्धवट फाटला असेल तर आधी विश्रांती आणि शिस्तीचा व्यायाम. मूलपेशींचा उपचार आज तरी प्रयोग आहे. प्रयोग जरूर व्हावेत, त्यांशिवाय वैद्यक पुढे जात नाही. टॉमी जॉनचे ऑपरेशनही प्रयोगच होते. पण प्रयोगाला प्रयोग म्हणावे आणि त्याचे बिल रुग्णाच्या माथी मारू नये.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. आपल्याकडे गुडघेदुखीवर हाच उपाय सांगितला जातो आणि लोक दागिने मोडून पैसे उभे करतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांसारख्या मान्यताप्राप्त उपचारांखेरीज मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. तेव्हा कोणी हे इंजेक्शन सुचवले तर चार प्रश्न विचारा. ही नोंदणीकृत चाचणी आहे का? पैसे कशाचे घेता? इंजेक्शन न घेतलेल्यांशी तुलना केली आहे का? नुसत्या विश्रांतीने आणि व्यायामाने काय होईल? सरळ उत्तर मिळाले नाही, तर खुशाल उठून घरी या.

शेवटी पालकांसाठी. अमेरिकेत २००७ ते २०११ या काळात ही ऑपरेशने करून घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुले १५ ते १९ वयाची होती. वर्षभर एकच खेळ, विश्रांती नाही, दुखत असतानाही सराव, ही त्यामागची कारणे. आपली मुले बॉलिंग करोत की भालाफेक, हात दुखतो म्हणाली तर त्यांना थांबवा. त्या विश्रांतीला पैसे पडत नाहीत.