गच्चीवरचं विमान

शिराळ्याहून कऱ्हाड गाठायचं आणि कोयनेच्या काठानं वर निघायचं, की येतं पाटण. कॅप्टन अमोल यादव मूळचे या पाटण तालुक्यातले. विमान चालवणारे पुष्कळ असतात. या गृहस्थांनी ते घराच्या गच्चीवर बांधलं!

विमान एकपंखी, बंद केबिनचं. एकपंखी म्हणजे एकच पंख नव्हे बरं का! पंखांची जोडी एक. पूर्वीच्या बऱ्याच विमानांना एकावर एक अशा दोन जोड्या असत, आणि वैमानिक उघड्यावर वारा खात बसे. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूवर उतरले, ते विमान ‘पस मॉथ’ही एकपंखी आणि बंद केबिनचंच होतं. पण ते तयार आलं होतं इंग्लंडहून.

यादव अमेरिकेत विमान चालवायला शिकले. तिथं मित्रांबरोबर त्यांनी एक छोटं विमान विकतही घेतलं होतं. मग वाटलं, आपणच का करू नये? आधीचे दोन प्रयत्न फसले. तिसरं विमान कांदिवलीच्या चारकोपमध्ये, पाच मजली इमारतीच्या गच्चीवर उभं राहिलं. सहा आसनांचं. १८० किलोचं इंजिन अरुंद जिन्यातून वर चढवलं! (आपल्याकडं धान्याचं पोतं माळ्यावर नेतानाच घाम फुटतो.) २०१६च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शन भरलं, तेव्हा भाग सुटे करून विमान क्रेननं खाली उतरवलं.

झालं की मग! उडवायचं फक्त. छे! खरी परीक्षा पुढंच. मोटार बंद पडली तर रस्त्याच्या कडेला ढकलता येते, आकाशाला कुठली आलीय कडा? म्हणून नोंदणी झाल्याशिवाय आणि परवाना मिळाल्याशिवाय कुणालाच विमान उडवता येत नाही. नियम बरोबरच आहे, पण घरी बांधलेलं विमान कुठल्या रकान्यात बसवायचं? अर्ज, हेलपाटे, पुन्हा अर्ज. गच्चीवरच्या कामाइतकाच चिवटपणा यालाही लागला. २०१७च्या नोव्हेंबरात नोंदणी झाली. भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाच्या अंगावर असतात ती ‘व्हीटी’ अक्षरं याच्याही अंगावर आली. उडवण्याचा परवाना मिळायला मात्र २०१९चा ऑक्टोबर उजाडला.

आणि २०२०मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाकं जमिनीवरून उचलली गेली.